सान क्रिस्तोबाल आणि भोवतालची माया गावं: तीन रात्रींचा मुक्काम असेल तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ह्यूस्टनहून आई-बाबांना घेऊन दक्षिण मेक्सिकोतल्या सान क्रिस्तोबाल दे लास कासासला तीन रात्री राहायचंय. तिथला एक एजंट एका सकाळीत सान हुआन चामुला आणि सिनाकांतान ही दोन माया गावं दाखवून दुपारच्या जेवणाला परत आणतो म्हणतोय. ती सहल घ्यावी, की स्वतःच जावं? फोटो काढलेले चालतात का? शाकाहारी माणसांचं खाण्याचं काय? आणि जरा संकोचूनच तुम्ही पुढे लिहिलंय की, माणसं ‘बघायला’ असं गावात शिरणं बरं दिसतं का?

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. मेक्सिकोच्या दक्षिण भागात लहान गटांना घेऊन जाणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांची तिथली सहल बहुधा चांगली होते. जरूर जा. मात्र एजंटनं सांगितलेल्या क्रमानं जाऊ नका. शहर म्हणजे राहण्या-खाण्याची जागा आणि गावं म्हणजे बघण्याच्या गोष्टी, असं तो तुम्हाला विकतोय. खरं तर शहर आणि गावं ही एकाच व्यवस्थेची दोन अंगं आहेत, आणि ती व्यवस्था पाचशे वर्षांची होत आली आहे. ती थोडी तरी समजून घेतल्याशिवाय गावात गेलात, तर रंगीत कपडे घातलेली माणसं दिसतील आणि फारसं काही कळणार नाही. म्हणून पहिला पूर्ण दिवस शहराला द्या.

१५२८ साली दिएगो दे मासारिएगोस या स्पॅनिश सरदारानं सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात गाव वसवलं. मधल्या चौकाभोवती स्पॅनिश कुटुंबं राहिली. त्यांच्याबरोबर लढायला आलेल्या मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ जमातीच्या सैनिकांना कडेला जागा मिळाली. मेहिकानोस आणि त्लाश्काला या मोहल्ल्यांची नावं आजही तीच आहेत. त्यापलीकडे डोंगरांत त्सोत्सिल आणि त्सेल्ताल बोलणाऱ्या माया लोकांची गावं. मिशनऱ्यांनी प्रत्येक गावाला एक चर्च आणि एक संत नेमून दिला आणि शहरानं प्रत्येक गावाकडून कर घेतला. मका, जळण, लोकर, मजुरी, सगळं डोंगरातून खाली यायचं, तेही बहुतेक माणसांच्या पाठीवरून. पुढे कर्जाच्या फासात अडकवून याच माणसांना पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सोकोनुस्को भागातल्या कॉफीच्या मळ्यांवर नेलं गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातल्या फुटपाथवर समोरून गोरा किंवा मिश्रवंशीय माणूस आला, की मूळनिवासी माणसानं खाली रस्त्यावर उतरायचं, असा रिवाज होता. या शहराचे फुटपाथ अरुंद आणि उंच आहेत. चालताना हे आठवलं, की त्या दगडांकडे बघायची नजर बदलते.

शहराच्या नावातले ‘लास कासास’ म्हणजे बार्तोलोमे दे लास कासास. हे डॉमिनिकन पंथाचे धर्मगुरू १५४५ मध्ये बिशप म्हणून इथे आले. गुलाम बाळगणाऱ्या स्पॅनिश लोकांना पापक्षमा द्यायची नाही, असा हुकूम त्यांनी काढला. शहर इतकं खवळलं की फार दिवस त्यांना इथे राहताच आलं नाही. ज्या शहरानं त्यांना टिकू दिलं नाही त्यानं १८४८ मध्ये त्यांचं नाव लावून घेतलं. १८९२ पर्यंत हे चियापास राज्याच्या राजधानीचं शहर होतं. राजधानी तुश्त्ला गुतिएरेसला गेली, पैसा तिकडे वळला, आणि बहुधा म्हणूनच जुनी कौलारू घरं, आतली अंगणं, दगडी गल्ल्या इथे वाचल्या.

पुढची गोष्ट तर आपल्या पिढीनं टीव्हीवर पाहिलेली आहे. १२ ऑक्टोबर १९९२ ला, कोलंबसाच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, डोंगरातून आलेल्या हजारोंच्या मोर्चानं मासारिएगोसचा पुतळा दोर लावून पाडला. १ जानेवारी १९९४ ला, अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच पहाटे, झापातिस्ता या बंडखोर संघटनेच्या, तोंड झाकलेल्या सैनिकांनी शहराच्या चौकातली नगरपालिका ताब्यात घेतली. त्यांतले बहुतेक जण याच डोंगरांतले आणि पलीकडच्या जंगलातले माया शेतकरी होते. दोन महिन्यांच्या आत सरकारबरोबर पहिली बोलणी झाली ती चौकातल्या पिवळ्या कॅथेड्रलमध्ये, बिशप सामुएल रुईस यांच्या मध्यस्थीनं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस इथे आले आणि याच बिशपच्या समाधीपाशी त्यांनी प्रार्थना केली. त्यांच्या मिस्सेत त्सोत्सिल, त्सेल्ताल आणि चोल भाषा वापरल्या गेल्या. हे सगळं त्या एका चौकाच्या परिघात घडलंय. पहिल्या दिवशी आई-बाबांना तिथल्या बाकावर तासभर निवांत बसू द्या.

मग दुपारी सांतो दोमिंगो. चर्चचा दर्शनी भाग सतराव्या शतकातल्या कोरीव गिलाव्यानं भरलेला आहे, त्याचे फोटो हवे तितके काढा. पण खरी जागा शेजारच्या जुन्या मठातली: माया वस्त्रांचं संग्रहालय. गावात जाण्याआधी हे पाहाच, असा माझा आग्रह असतो, आणि यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

कारण असं की इथे कापड वाचता यावं लागतं. बाईनं घातलेला झगा, म्हणजे उइपिल, बघून जाणकार माणूस तिचं गाव ओळखतो. सान आंद्रेस लारराइन्सार, माग्दालेना, तेनेहापा या गावांच्या विणकामात एक चौकोन टोकावर उभा केलेला दिसतो, त्याच्या पोटात आणखी छोटे चौकोन. विणकर बाया सांगतात की ती पृथ्वी आहे, चार कोपरे म्हणजे चार दिशा आणि मधून सूर्याची वाट. आठव्या शतकाच्या सुरुवातीची याश्चिलान या प्राचीन माया नगरातली, दारावरची एक दगडी शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; तिच्यावर कोरलेल्या राणीच्या अंगावर असंच चौकोनांचं वस्त्र आहे. मधे तेराशे वर्षं गेली. माग तोच: एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेलं, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ताण द्यायचा तर ती मागे रेलते, सैल करायचं तर पुढे झुकते. अशा मागावर नक्षीदार उइपिल विणायला घरकाम सांभाळून महिनेच्या महिने जातात.

म्हणून ‘हे सगळं जसंच्या तसं प्राचीन आहे’ असंही समजू नका. चामुलाच्या बायांचा तो काळा, केसाळ, जाडजूड लोकरीचा घागरा पाहून पर्यटक ‘अस्सल माया’ म्हणतात. मेंढी इथे स्पॅनिश लोकांनी आणली. चामुलाच्या बायांनी तिला असं आपलंसं केलं, की त्या मेंढ्यांना माणसांसारखी हाक मारायची नावं देतात आणि त्यांचं मांस खात नाहीत. सिनाकांतानचा पोशाख काही दशकांपूर्वी पांढऱ्यावर बारीक लाल रेघांचा, लांबून गुलाबी दिसणारा होता. मग गावात फुलांची शेती आली, हातात पैसा आला, भरतकामाची यंत्रं आली, आणि शाली-झग्यांवर फुलं उमलली. आता तिथे रंगांची फॅशन बदलत राहते. कधी जांभळा चालतो, कधी मोरपंखी. मला हे फार आवडतं. परंपरा म्हणजे काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे त्या गावातल्या बायाच ठरवतात, बाहेरच्या कुणाला विचारत नाहीत.

संग्रहालयाबरोबरच तिथे स्ना होलोबिल या विणकर बायांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. चांगलं कापड घ्यायचं असेल तर तिथे घ्या. भाव जास्त वाटेल, पण तो किती दिवसांच्या कामाचा आहे ते आत नुकतंच पाहिलेलं असेल. बाहेर पटांगणात जो मोठा बाजार भरतो तिथला बराच माल ग्वातेमालाचा किंवा यंत्रावरचा असतो. तो घेण्यात वाईट काही नाही, विकणाऱ्या बहुतेक चामुलाच्याच बाया आहेत, फक्त हातमागाचा समजून घेऊ नका. घासाघीस थोडी करायला हरकत नाही. पण हातानं विणलेल्या वस्तूचा भाव निम्म्यावर आणून आनंद मानणारी माणसं पाहिली की मला खरोखर राग येतो. अंबर मात्र पटांगणात घेऊच नका. सिमोहोवेलच्या खाणींतलं अंबर खरंच सुंदर असतं, पण त्याच्या नावाखाली काच आणि प्लास्टिक सर्रास खपतं. खरं अंबर मिठाच्या दाट पाण्यात तरंगतं आणि काच बुडते. प्लास्टिक मात्र या परीक्षेत कधी कधी सुटून जातं, म्हणून नीट दुकानातूनच घ्या.

दुसरा दिवस चामुलाचा, आणि शक्य असेल तर तो रविवार असू द्या. शहरापासून गाव दहा-एक किलोमीटर, बाजाराजवळून सामायिक व्हॅन सुटतात, अर्ध्या तासात पोचवतात. रविवारी चौकात मोठा बाजार भरतो, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून लोक येतात, आणि गावचे मानकरी आपल्या पोशाखात बसलेले दिसतात. चर्चमध्ये जायचं तर थोड्या पेसोंचं तिकीट काढावं लागतं. तिकीटाबरोबर नियमही सांगतात: आत फोटो नाही, व्हिडिओ नाही, डोक्यावर टोपी नाही. हा नियम म्हणजे नुसती पाटी नाही, तो खरोखर पाळला जातो. फोन खिशात सुद्धा बंद करून ठेवा. बाहेरही मानकऱ्यांचे किंवा मिरवणुकीचे फोटो काढायचे नाहीत, आणि कुणा माणसाचा जवळून काढायचा तर आधी विचारायचं.

आत बाकं नाहीत. फरशीवर पाइनच्या हिरव्या पानांचा थर, त्यावर जागा साफ करून फरशीलाच चिकटवलेल्या मेणबत्त्यांच्या रांगा, कोपाल या सुगंधी राळेचा धूर. दोन्ही भिंतींना काचेच्या पेट्यांमध्ये संत उभे, छातीवर आरसे लावलेले. मुख्य वेदीवर मानाची जागा बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाची, सान हुआनची. पाद्री इथे राहत नाही, मुख्यतः बाप्तिस्म्यापुरता येतो. घरच्या माणसाला घेऊन एखादं कुटुंब जमिनीवर बसलेलं असतं, सोबत इलोल, म्हणजे नाडी पाहून आजार ओळखणारी वैदू बाई किंवा बुवा. त्सोत्सिलमध्ये प्रार्थना सुरू असते, एकसुरी, लांब, मधेच रडवेली. अंगावरून अंडं किंवा कोंबडी फिरवतात. कधी कोंबडीची मान तिथेच मुरगळतात. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नको असेल तर दाराजवळ थांबता येतं. पोश नावाची घरगुती दारू आणि कोका-कोलाच्या बाटल्या दोन्ही विधीत असतात. ढेकर आली की आतलं वाईट बाहेर पडतं असं मानतात, आणि दारू सोडलेली माणसं पोशच्या जागी नुसता सोडा वापरतात. कोलाच्या बाटल्या पाहून पर्यटक हसतात. तुम्ही हसू नका. तिथे बसलेलं कुटुंब आजारी माणसासाठी आलेलं असतं.

भिंतीला लागून उभं राहा, मेणबत्त्यांच्या मधून चालू नका, दहा-पंधरा मिनिटं गप्प राहा. आपल्याला नवससायास, अंगात येणं, देवळातल्या ओल्या फरशीवर बसलेली घरं नवीन नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला ही जागा युरोपातल्या माणसापेक्षा लवकर उमगते असं मी पाहिलंय.

आता तुमचा प्रश्न: माणसांचं प्रदर्शन मांडलंय का? चामुलामध्ये नाही. इथे कोणी यायचं, काय पाहायचं, किती पैसे द्यायचे, हे गाव ठरवतं. त्या गावाचा हा करारीपणा सगळाच गोड नाही. १९७० च्या दशकापासून प्रोटेस्टंट झालेल्या हजारो चामुलावासीयांना गावातून हाकलण्यात आलं, आणि जमीन-घर सोडून ते सान क्रिस्तोबालच्या उत्तरेच्या टेकड्यांवर वस्त्या करून राहिले. त्यांच्यातली काही कुटुंबं १९९० च्या दशकात मुसलमान झाली. शहरात आज त्सोत्सिल बोलणारे मुसलमान भेटतात. ज्या शहरानं त्यांच्या आजोबांना फुटपाथवरून खाली उतरवलं तिथे आता ही माणसं टॅक्सी चालवतात, बाजार चालवतात, मुलांना विद्यापीठात पाठवतात. तुमच्या हॉटेलात नाश्ता वाढणारी मुलगी घरी बहुधा त्सोत्सिल किंवा त्सेल्तालच बोलत असेल. गावं शहराबाहेर आहेत हे फक्त नकाशावर खरं आहे.

म्हणूनच वाटाड्या घ्या, आणि तो स्वतः त्सोत्सिल बोलणारा असेल असं बघा. एजंटला तेवढा एकच प्रश्न विचारा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. ज्याची आजी अजून या चर्चमध्ये मेणबत्त्या लावते तो माणूस चमत्कार दाखवल्यासारखं बोलत नाही. चर्चमधून बाहेर पडल्यावर त्याला सान सेबास्तियानच्या पडक्या चर्चकडे न्यायला सांगा. तिथल्या स्मशानात पांढरे क्रूस लहान मुलांचे, काळे म्हाताऱ्यांचे, निळे बाकीच्यांचे.

सिनाकांतान तिथून जवळच आहे, पण माझं मत विचाराल तर त्याच दिवशी नको, तिसऱ्या सकाळी. भाषा तीच, चामुलाशी लगीनसंबंध मात्र फारसे नाहीत, पोशाख वेगळा, स्वभाव वेगळा. खोऱ्यात सगळीकडे प्लास्टिकची हरितगृहं. गुलाब, शेवंती, लिली इथून दूरवरच्या शहरांत जातात. सान लोरेन्सोचं चर्च फुलांनी भरलेलं असतं, तिथेही आत फोटो नाहीत. हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५७ पासून या गावावर दशकानुदशकं अभ्यास केला, त्यामुळे पाहुण्यांच्या प्रश्नांची इथल्या लोकांना सवय आहे. विणकर कुटुंबांच्या घरी नेतात. तिथे माग दिसतो, लग्नाचा पांढरी पिसं गुंफलेला उइपिल दाखवतात, आणि चुलीजवळ बसवून गरम तोर्तिया देतात, वर भोपळ्याच्या बियांची पूड आणि घेवड्याची उसळ. हे पाहुण्यांसाठीच मांडलेलं असतं, ते लपवतही नाहीत. त्यात अवघडण्यासारखं काही नाही: बाई तिचं काम दाखवते, तुम्ही तिच्याकडून काहीतरी घेता किंवा खाण्याचे पैसे देता. मोफत बघून निघून जाणं तेवढं करू नका.

वेळ उरला तर कोमितानच्या रस्त्यावरचं आमातेनांगो देल वाये हे त्सेल्ताल गाव. इथल्या बाया चाकाशिवाय मातीची भांडी, कबुतरं, जग्वार घडवतात आणि भट्टी न लावता उघड्यावर लाकडं रचून भाजतात. झापातिस्तांच्या ओव्हेंतिकला जायची इच्छा अनेकांना असते. २०२३ मध्ये त्यांनी आपली केंद्रं बाहेरच्यांसाठी बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो आग्रह सोडा.

कधी जावं? नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं असतं, मे ते ऑक्टोबर दुपारी पाऊस. १-२ नोव्हेंबरला मृतांचे दिवस. चामुलाच्या हद्दीतल्या रोमेरियोच्या टेकडीवर उंच क्रूसांखाली थडगी झेंडूनं झाकलेली असतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा याच देशातला. सान हुआनची जत्रा २४ जूनला, सिनाकांतानची १० ऑगस्टच्या आसपास. गर्दी आणि पोश दोन्ही भरपूर, म्हणून आई-बाबांना त्या दिवशी नको. महाबळेश्वरपेक्षा ही जागा सातशे-आठशे मीटर उंच आहे, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हाडं गोठवतात आणि बऱ्याच हॉटेलांत हीटर नसतो. खोली घेताना विचारा. पहिल्या दिवशी चढ टाळा.

खाण्याचं अवघड नाही, फक्त विचारायला हवं. घेवड्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. ‘सिन मान्तेका’ आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ एवढं पाठ करा. मक्याची तोर्तिया, पनीरसारखं ताजं चीज, अवाकाडो, सगळीकडे मिळतं. चिपिलिन नावाची पालेभाजी आवर्जून खा. ती आपल्या तागाच्या कुळातली आहे, तागाच्या फुलांची भाजी ज्यांच्या घरी होते त्यांना चव ओळखीची वाटेल. भाजलेला मका, कोको आणि दालचिनीचं तास्कालाते हे पेय बाबांना आवडेल. नळाचं पाणी कुठेही पिऊ नका.

व्हिसाचं म्हणाल तर वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. आई-बाबांच्या अमेरिकन व्हिसाची मुदत तेवढी तपासा आणि निघण्यापूर्वी दूतावासाच्या पानावर एकदा बघा. विमान तुश्त्लापर्यंत, तिथून दीड तासाच्या आत घाट चढून शहर.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिते. गेल्या काही वर्षांत चियापासमध्ये टोळ्यांचं भांडण वाढलंय, ग्वातेमाला सीमेकडे सर्वांत जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्सेलो पेरेस या त्सोत्सिल पाद्र्यांना सान क्रिस्तोबालमध्येच मिस्सा आटोपून निघताना गोळ्या घातल्या गेल्या. पर्यटकांवर रोख नसतो, शहराच्या मधल्या भागात आणि दोन्ही गावांत दिवसा मी आजही वयस्कर माणसांना निर्धास्त नेते, पण अंधार पडल्यावर शहराबाहेरच्या रस्त्यावर राहत नाही. ओकोसिंगोमार्गे पालेंकेला जाणारा घाटरस्ता गावकरी अधूनमधून अडवतात, कधी पैशांसाठी, कधी मागण्यांसाठी. पालेंकेचे पिरॅमिड तुमच्या यादीत आहेत असं दिसतंय. त्यासाठी त्या घाटातून आई-बाबांना नेऊ नका, विमानानं व्हियाएर्मोसाला उतरून तिकडून दोन-अडीच तासांच्या सपाट रस्त्यानं जा. हॉटेलच्या माणसाला आदल्या संध्याकाळी रस्त्याची खबर विचारा, ती बातम्यांपेक्षा ताजी असते.

तुमच्या तारखा नक्की झाल्या की कळवा, त्यात रविवार कुठे येतो ते बघून दिवसांचा क्रम लावून देते.